अमेरिकेत स्वतःच्या पिकअपने आरव्ही पोचवण्याचं काम कसं सुरू करायचं?

आधी व्हिसाचं बोलू. प्रश्नात तुम्ही एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहात असं लिहिलंय. मग हे काम शनिवार-रविवारचं जोडकाम म्हणूनही करता येणार नाही. तो व्हिसा अर्ज करणाऱ्या कंपनीपुरताच असतो. ग्रीनकार्डनंतर करणार असाल तर पुढचं वाचा.

अमेरिकेतले बहुतेक आरव्ही (आत राहता येतं अशी घरासारखी वाहनं, इथे मागे ओढायचे ट्रेलर) इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात बनतात. तिथून डीलरपर्यंत ते ओढत न्यायचे, एवढंच काम. पण पैसे मिळतात ते भरल्या मैलांचे, म्हणजे आरव्ही ओढत नेलेल्या अंतराचेच. परतीचा प्रवास रिकामा आणि आपल्या खर्चाने. नवखे नेमके इथेच फसतात. समजा मैलाला 2 डॉलर ठरले आणि डेन्व्हरची खेप मिळाली. जाताना साधारण 1,100 मैल, म्हणजे 2,200 डॉलर. जाताना गॅलनला 10 मैल आणि येताना 15 धरले, तर डिझेल 180 गॅलनच्या वर जातं. 4 डॉलर भावाने सव्वासातशे तिथेच गेले. टोल, टायर, खाणंपिणं वेगळं, आणि चार दिवस घराबाहेर. म्हणून भाव विचारताना मी मिळणारे पैसे नेहमी जाऊन-येऊन मैलांनी भागतो.

सुरुवातीला स्वतःची एमसी ऑथॉरिटी (भाड्याने वाहतूक करण्याचा सरकारी परवाना) काढायच्या फंदात पडू नका. तिच्यासोबत किमान साडेसात लाख डॉलरचा लायबिलिटी विमा (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा) येतो, आणि नवख्याला तो परवडत नाही. एखाद्या ट्रान्सपोर्ट कंपनीशी करार करून तिच्या डीओटी (परिवहन खात्याच्या) नंबरवर चालवा. वय 21 पूर्ण हवं, डीओटीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते (आपल्या लोकांनी रक्तदाब आणि साखर आधीच बघून जावं!). ट्रक (म्हणजे आपला पिकअप) आणि ट्रेलर मिळून वजनक्षमता 26,000 पौंडांच्या वर गेली आणि ट्रेलर एकटाच 10,000 च्या वर असला, तर क्लास ए सीडीएल, म्हणजे व्यावसायिक वाहन चालवण्याचं लायसन्स, लागतं. स्वतःचा आरव्ही फिरायला नेणाऱ्याला बऱ्याच राज्यांत यातून सूट असते, भाड्याने नेणाऱ्याला नाही.

यार्डातून निघण्यापूर्वी ट्रेलरचे चारही बाजूंनी, छताचे आणि आतले फोटो काढा. माझ्या तिसऱ्याच खेपेला मागच्या कोपऱ्यावर ओरखडा निघाला. तो आधीचाच होता, पण फोटो नव्हता. भरपाई माझ्या बिलातून कापली गेली.

आणि वारा. वायोमिंग राज्यात आय-80 महामार्गावर वारा सुटला की हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद करतात. रिकामा कॅम्पर (आरव्ही ट्रेलर) म्हणजे चाकांवरचं शीडच. तिथल्या लारामी गावात मी दोन दिवस मोटेलात बसून काढले, आणि त्या दोन दिवसांचे पैसे कुणीही देत नाही. हिवाळ्यात तशाही खेपा कमी असतात. ट्रकचा हप्ता मात्र दर महिन्याला असतो. म्हणून पहिला ट्रक जुना पण रोखीने घेतलेला असू द्या.