बोलणं राहू दे, आधी एक कागद घ्या

‘ताई, आम्ही भांडतही नाही. मुलीला कोण आणणार, बिल भरलं का, एवढंच बोलतो. समुपदेशकाकडे जाऊ म्हटलं तर नवरा म्हणतो, घरातलं परक्यापुढे कशाला? त्यात नऊ वर्षांच्या लेकीने शाळेत घराचं चित्र काढलं. आम्ही तिघं तीन खोल्यांत! फोटो बहिणीला, नणंदेला पाठवला, कुणालाच अर्थ लागेना. शिवाय सासूबाईंचे रोज फोन, आणि लेक मराठीत उत्तरच देत नाही...’

अगं, वाचून जीव कळवळला. इथे परदेशात भांडण मिटवायला मध्ये पडणारं वडीलधारं माणूस नसतं, मग अबोलाच सोयीचा होऊन बसतो.

पण आधी रागावणार आहे. लेकीचं चित्र असं नातेवाइकांत फिरवायचं? काळा रंग म्हणजे दुःख, बंद दार म्हणजे भीती, असा कोष्टकातून अर्थ काढता येत नाही. ‘मला सांग ना, काय काढलंयस?’ एवढंच तिला विचार. ‘बाबा एकटा का?’ असं विचारलंस तर तुला हवं तेच उत्तर मिळेल.

खरी काळजी तुम्हा दोघांची आहे, आणि तिथे माझं तेच जुनं सांगणं: शब्द अडले की कागद पुढे ओढा. हॅना क्विआतकोव्स्का या आर्ट थेरपिस्टने, म्हणजे चित्रांच्या मदतीने मनावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने, अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेंटल हेल्थमध्ये अख्ख्या कुटुंबांना एकत्र चित्रं काढायला बसवलं होतं. पुढे हेलन लँडगार्टन या आणखी एका आर्ट थेरपिस्टने कुटुंबाला एकाच कागदावर, प्रत्येकाला आपापला रंग देऊन, आधी अजिबात न बोलता आणि मग बोलत चित्र काढायला लावलं. सुरुवात कोण करतं, मधली जागा कोण अडवतं, कोण दुसऱ्याच्या रेघेवर रेघ ओढतं, कोण कोपऱ्यातच राहतं, हे सगळं समोर कागदावर दिसतं. नाकारायची सोय उरत नाही.

माझे धाकटे दीर-जाऊ असेच एका आर्ट थेरपिस्टपुढे बसले. त्याचा केशरी, तिचा निळा. केशरी रेघ निळ्याजवळ यायची आणि वळून जायची, पुन्हा पुन्हा. जाऊ म्हणाली, ‘तुला माझ्याजवळ यायचंच नाहीये.’ दीर चकित! ‘मला वाटलं, तुझं चित्र बिघडेल.’ हे वाक्य त्याच्या तोंडून एरवी कधी आलं असतं?

तुम्हीही करून बघा. मोठा कागद, दोन रंग, वीसेक मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत. नंतर बोलताना ‘इथे मला असं वाटलं’ म्हणायचं, ‘तू नेहमी असंच करतोस’ नाही. नवरा म्हणेल, मला चित्रकला येत नाही. त्याला सांग, 2016 मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठाच्या एका छोट्या अभ्यासात 39 जणांनी पाऊण तास हाताने काही ना काही केलं, तर साधारण चारातल्या तिघांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालं. कलेची सवय असणं-नसणं यानं फरक पडला नाही.

अर्थात हा घरगुती प्रयोग आहे, उपचार नव्हे. घरात धाक किंवा मारहाण असेल तर कागद बाजूला ठेवायचा आणि थेट मदत मागायची. थेरपिस्ट शोधताना पात्रता तपासा. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ हे नाव कायद्याने राखीव आहे, हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदवहीत थेरपिस्टचं नाव शोधता येतं. अमेरिकेत परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. ‘जोडप्यांसोबत काम केलंय का?’ हे पहिल्याच फोनवर विचार.

सासूबाईंचे रोजचे फोन? वेळ नवऱ्याने ठरवून द्यावी, ते तुझं काम नाही. लेक मराठीत उत्तर देत नाही? तू मराठीत बोलत राहा, मागे लागू नकोस.

आणि पहिल्या खेपेला लेकीला बसवू नका, दोघंच बसा. तिच्यासमोर तुम्ही दोघं शहाण्यासारखे वागाल आणि कागदावर काहीच खरं उतरणार नाही.