अमेरिकेत जुनी, मोठी सेडान (क्राउन व्हिक्टोरिया, ग्रँड मार्क्विस वगैरे) घेणं परवडतं का? कुणाचा स्वतःचा अनुभव आहे का?

परवडतं. फक्त खालून गंजलेली घेऊ नका.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. 2001 साली शिकायला आलो आणि काही महिन्यांत 1995 ची शेवरले कॅप्रिस घेतली. हौस वगैरे काही नव्हती, खिसाच तेवढा होता. सिव्हिक आणि कोरोलावर सगळे विद्यार्थी टपलेले, त्यामुळे त्यांचे भाव चढलेले. या अजस्र गाड्यांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. आठ सिलिंडर, 4.3 लिटर, सोफ्यासारख्या सीट. आठवड्याचं वाणसामान आणायला सहा जण एकाच गाडीतून जायचो आणि येताना डिकी तरीही अर्धी रिकामी असायची. हौस लागली ती तिथून. आता गेली अकरा वर्षं दारात 2003 ची मर्क्युरी ग्रँड मार्क्विस आहे.

या गाड्यांचं सुख कशात आहे ते आधी सांगतो. आजच्या बहुतेक मोटारींचा सांगाडा आणि बॉडी एकसंध असते. यांना ट्रकसारखी वेगळी चासी असते आणि बॉडी तिच्यावर रबराच्या बुशांवर बसवलेली. त्यामुळे खड्डा कानाला कळतो, पाठीला कळत नाही. वळणावर मात्र गाडी बोटीसारखी डुलते. क्राउन व्हिक्टोरिया, ग्रँड मार्क्विस आणि लिंकन टाउन कार या तिघी एकाच ‘पँथर’ चासीवरच्या बहिणी. ही चासी 1979 च्या मॉडेलपासून 2011 पर्यंत चालली. 2003 ला चासी बरीच सुधारली आणि रॅक-पिनियन स्टिअरिंग (दातेरी पट्टीने चाकं वळवणारं, जास्त नेमकं) आलं. माझं मत विचाराल तर त्याच्या आधीची घेऊच नका.

दुरुस्तीची भीती बाळगू नका. हजारो गाड्या पोलिसांत आणि टॅक्सीत राबल्या, त्यामुळे सुटे भाग मुबलक आणि स्वस्त. 4.6 लिटरचं व्ही-8 इंजिन आहे, पण बॉनेट इतकं प्रशस्त की हात आत जातो. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तर अगदी वरच बसवलाय. मी मूळचा कॉम्प्युटरवाला माणूस, पान्हा हातात धरायलासुद्धा इथेच शिकलो, तरी तो अर्ध्या तासात बदलला.

आता गंज. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. एका फेब्रुवारीत किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये शिरत होतो. ब्रेकवर पाय दिला तर पेडल लोण्यात गेल्यासारखं थेट तळाला! ब्रेकची दोन वेगळी सर्किटं असतात म्हणून पुढचे ब्रेक शाबूत राहिले आणि ट्रॉल्यांच्या रांगेच्या हातभर अलीकडे गाडी थांबली. खाली वाकून पाहिलं, तर मागच्या चाकाकडे जाणारी नळी जुन्या पापडासारखी बोटांत चुरली. चूक माझीच. चार हिवाळे काढले, पण गाडी खालून एकदाही धुतली नव्हती.

निकेल-तांब्याच्या नळीचं 25 फुटांचं भेंडोळं आणलं, नळीचं टोक फुलवायचं (फ्लेअरिंगचं) टूल मित्राकडून घेतलं. पहिलं टोक अगदी सुबक फुलवलं आणि मग लक्षात आलं की नट आधी नळीत ओवायचा राहिलाय. कापा, पुन्हा करा. हे तीनदा झालं. शेवटी बायको गॅरेजच्या दारातून प्रत्येक वेळी “नट घातलास का?” म्हणून ओरडायला लागली. दोन शनिवार-रविवार गेले, पण आता ते काम मला झोपेत जमेल.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या आणि पाच मिनिटं जमिनीवर आडवे व्हा. चासी, ब्रेकच्या नळ्या, मागच्या चाकांजवळची जागा नीट बघा. इंजिनाचं नंतर. फ्लोरिडा किंवा ॲरिझोनाकडच्या आजी-आजोबांची गाडी मिळाली तर प्रवासाचा खर्च करूनही घ्या. पोलिसांच्या लिलावातली स्वस्त पडते, पण ती तासन्‌तास उभ्या जागी चालू ठेवलेली असते आणि ते तास मैलांच्या आकड्यात दिसत नाहीत. 2001 पर्यंतची घेणारच असाल, तर इनटेक मॅनिफोल्डचा (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या भागाचा) पुढचा, कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी जाणारा भाग प्लास्टिकचा आहे की ॲल्युमिनियमचा ते विचारा. प्लास्टिकचा तडकतो.

पेट्रोलचं विचारू नका असं म्हणणार होतो, पण साताऱ्याहून आलेल्या बाबांनी विमानतळावरून निघाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तेच विचारलं, “ॲव्हरेज किती देते?” गावात लिटरला सात, हायवेला दहा. बाबा पुढचे दोन मैल गप्प होते. आई मागे पाय लांब करून केव्हाच झोपली होती.

रोज 50 मैल जायचं-यायचं असेल तर हिशोब जमणार नाही, सरळ दुसरं काही बघा. माझं ऑफिस चार मैलांवर आहे. जागाही मोजून घ्या. गाडी जवळपास 5.4 मीटर लांब आहे. आमच्या गॅरेजात ती शिरावी म्हणून मला भिंतीवरचं फडताळ काढावं लागलं.

तुम्ही कुठल्या राज्यात आहात ते लिहा. मीठ पडणारं असेल, तर बघायला जाण्याआधी विकणाऱ्याकडून गाडीच्या खालच्या बाजूचे फोटो मागवा आणि इथे टाका. मी सांगतो.