ससा म्हणजे छोटं मांजर नव्हे
कुत्र्या-मांजरांच्या उपचारांवर हात बसला की ससा, पोपट, इग्वाना (एक मोठा सरडा) हे सगळे नुसते 'छोटे पेशंट' वाटायला लागतात. तिथेच घात होतो. सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलंस तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा जुलाबाने जाऊ शकतो. पिसवांवरचं फिप्रोनिल त्याला चालत नाही. कासवाला आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध तर कधीच नको. एवढं आजच पाठ कर. बाकी डोस पुस्तकात बघायला लाजू नकोस.

सरपटणारा प्राणी आला की आधी त्याच्या पेटीची चौकशी कर. तापमान किती? यूव्हीबी दिवा, म्हणजे हाडांसाठी लागणारे अतिनील किरण देणारा दिवा, कधी बदलला? दिवा आणि प्राणी यांच्यामध्ये काच आहे का? (साधी काच यूव्हीबी अडवते, हे मालकाला बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं.) मऊ जबड्याच्या, वाकड्या पायांच्या इग्वानाचं निदान बरेचदा इथेच सापडतं. आणि अंग गार असेल तर अँटिबायोटिकही नीट लागू पडत नाही.

पक्षी आजार लपवतो. पिसं फुगवून बसलेला दिसला की उशीर झालाय असंच धर. ग्रॅमवाला काटा घे, घटलेलं वजन त्यावर आधी कळतं.

प्राणिसंग्रहालयात गेलास तर डोस नुसता वजनाच्या पटीत वाढवू नकोस. १९६२ मध्ये ओक्लाहोमा सिटीत टस्को नावाच्या हत्तीला प्रयोगासाठी २९७ मिलिग्रॅम एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं द्रव्य टोचलं. दोन तासांच्या आत तो मेला. आकडा मांजरावरच्या डोसाच्या आधारे काढला होता.

मेलेल्या प्रत्येक प्राण्याचं शवविच्छेदन कर, निष्कर्ष लिहून ठेव. कित्येक प्रजातींवर छापील माहिती तुटपुंजी आहे, पुढच्या डॉक्टरला तुझीच वही लागेल.