‘कनिष्ठ १००’ म्हणजे किमान की कमी?

निपाणीच्या एका ताईंनी विचारलंय : मुलगी मराठी शाळेत शिकते, पण गणिताच्या शिकवणीत सर कन्नडमधून सांगतात. गणित असं : टेम्पोत १००० किलो माल मावतो, बटाट्याचं एक पोतं ५० किलोचं, आणि खानापूरला चढणाऱ्या सामानासाठी ‘कनिष्ठ १०० किलो’ जागा सोडायची, पोती किती भरता येतील? मुलीनं ‘कनिष्ठ’ म्हणजे खालचं, कमी, असं धरून १००० − ५०क्ष < १०० मांडलं. उत्तर आलं क्ष > १८. आता कनिष्ठचा अर्थ काय घ्यायचा?

ताई, कन्नडमधला ‘कनिष्ठ’ म्हणजे आपला ‘किमान’. ‘कनिष्ठ पक्ष’ हा शब्द तर आपल्या भागात रोज कानावर पडतो, तो ‘निदान’ या अर्थानं. त्याचा जोडीदार ‘गरिष्ठ’, म्हणजे आपला ‘कमाल’. कन्नड पेपरात हवामानाची बातमी पाहा, तापमानाला हेच दोन शब्द लावलेले दिसतील. मराठीत मात्र कनिष्ठ म्हटलं की धाकटा भाऊ किंवा कारकून आठवतो, आणि गरिष्ठ म्हणजे पचायला जड जेवण. मुलगी तिच्या मराठीला धरूनच वाचत होती.

दोन्ही शब्द मूळ संस्कृत. ज्येष्ठ, श्रेष्ठ यांच्यात आहे तोच ‘इष्ठ’ प्रत्यय इथं आहे, आणि तो ‘सर्वांत’ असा अर्थ देतो. कनिष्ठ म्हणजे सर्वांत लहान. गरिष्ठ हा ‘गुरु’पासून आला, म्हणजे सर्वांत जड. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण चिन्हाचं उत्तर याच प्रत्ययात आहे. चालणाऱ्या जागांपैकी सर्वांत लहान जागा १०० किलो, म्हणजे १०० स्वतः चालणाऱ्यांतच आली. म्हणून ≥. ‘पेक्षा’चं (खेड्यांतल्या ‘परीस’चं, कन्नडच्या ‘गिंत’चं) तसं नाही. तो दोघांची तुलना करतो आणि ज्याच्याशी तुलना केली त्याला बाहेर ठेवतो. ‘१००पेक्षा जास्त’ला नुसतं >. मात्र ‘१००पेक्षा कमी नको’ म्हटलं, की १०० पुन्हा आत येतो.

आता मांडणी :
१००० − ५०क्ष ≥ १००
−५०क्ष ≥ −९००
क्ष ≤ १८

शेवटच्या पायरीत ऋण संख्येनं भागलं म्हणून चिन्ह उलटलं. मुलीला ते शब्दांतून दाखवा : पोती वाढली की जागा घटते, त्यामुळं जागेचं ‘किमान’ हे पोत्यांचं ‘कमाल’ होतं. (हा कमाल मूळ अरबी, अर्थ पूर्णता. ‘कमाल केलीस!’ म्हणतो तोही हाच.)

प्रश्नात ‘१००पेक्षा जास्त जागा’ असतं तर क्ष < १८ आलं असतं, आणि एक पोतं खाली उतरवून १७च न्यावी लागली असती. मुलीनं चिन्ह उलटवलं होतं ते बरोबरच होतं. पहिल्या ओळीत < च्या जागी ≥ घातलं की तिचं गणित सुटतं.