पद्मिनी देऊन स्टँडर्ड हेराल्ड घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे 1987 ची प्रीमियर पद्मिनी आहे, चालू आहे, कागद साफ आहेत. समोरचे गृहस्थ 1967 ची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड द्यायला तयार आहेत. बदल्यात पद्मिनी आणि वर दीड लाख रुपये मागतात. हेराल्ड तीन वर्षं उभी आहे, ‘किरकोळ काम’ बाकी आहे, आरसीची मुदत संपलेली आहे. तुमचा वापर म्हणजे रविवारी पुण्यात एक फेरी आणि वर्षातून दोनदा ताम्हिणीतून कोकणात गावी.

माझं मत आधीच सांगतो. हेराल्ड जीव लावावा अशीच गाडी आहे, पण आज ती ज्या अवस्थेत आहे त्या अवस्थेत हा सौदा करू नका. चालू गाडी देऊन बंद गाडी घेताना वरचे पैसे तुम्ही द्यायचे, हे गणितच उलटं आहे. गाडी पुढच्या तपासण्यांत पास झाली आणि कागद आधी झाले, तर मात्र मागे हटू नका.

दोन गाड्यांतला मूळ फरक पत्र्यात आहे. पद्मिनी म्हणजे फियाट 1100, बॉडी आणि चासी (खालचा सांगाडा) एकच. हेराल्ड मात्र वेगळ्या चासीवर बसवलेली गाडी. मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने रेखाटलेली ट्रायम्फ हेराल्ड ब्रिटनमध्ये 1959 ला आली आणि मद्रासच्या कारखान्यात 948 सीसी इंजिन घेऊन 1961 पासून स्टँडर्ड नावाने बनली. अख्खं पुढचं तोंड बोनेटसकट पुढे उलगडतं, त्यामुळे इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन डोळ्यांसमोर येतं. तपासणीला हे फार सोयीचं आहे, त्याचा पुरेपूर फायदा घ्या.

सुरुवात चासीपासून करा. गाडी रॅम्पवर घ्या, मोठा पेचकस आणि टॉर्च जवळ ठेवा. चासीच्या मधल्या दोन मुख्य पट्ट्यांतून बाजूला बॉडीकडे जाणारे हात, दोन्ही कडांचे लांब पट्टे आणि मागे डिफरन्शिअलच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीच्या) आसपासचा भाग पेचकसाने दाबून बघा. ताजा काळा अंडरकोट (तळाला मारलेला जाड थर) दिसला तर जास्तच दाबा. त्याखाली पॅचवर पॅच मारलेले असतात. बाजूचे हात सडले असतील तर नवे करून वेल्ड करता येतात, कोणताही चांगला वेल्डर करतो. मुख्य पट्ट्या मागे सडल्या असतील तर बॉडी उतरवावी लागते, आणि तिथे हा सौदा संपला असं समजा. दार बंद करून त्याची फट वरपासून खालपर्यंत बघा. वर बारीक आणि खाली रुंद, किंवा उलट, असेल तर चासी वाकली आहे किंवा बॉडी चुकीची बसवली आहे. बॅटरी जिथे बसते तो बल्कहेडवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरचा) कप्पाही बघा. अ‍ॅसिडने तिथे भोक पडलं की पावसाचं पाणी थेट पायापाशी येतं.

आता ट्रनियन. हेराल्डमधली ही एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण जिवाशी गाठ आहे. पुढच्या चाकाचा उभा लोखंडी दांडा खालच्या टोकाला आट्यांचा (स्क्रूसारखा) असतो आणि तो ट्रनियन नावाच्या ब्रॉन्झच्या सांध्यात बसतो. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांतच फिरतो. तिथे ईपी 90 गिअर ऑईल घालायचं असतं, ग्रीस नाही. आपल्याकडे सर्व्हिसिंगला सगळीकडे ग्रीसगन चालवायची सवय आहे. ग्रीस आट्यांत आतपर्यंत पोचत नाही, पाणी मात्र शिरतं, दांडा आतून गंजतो आणि एक दिवस ट्रनियनच्या तोंडाशीच तुटतो. चाक आडवं पडतं. बहुतेक वेळा हे गाडी पार्क करताना घडतं, कारण उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना तिथे सर्वात जास्त ताण येतो. घाटात घडलं तर काय, ते सांगायला नको.

तपासायचं असं: पुढचं चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. ट्रनियनपाशी खेळ (ढिलेपणा) जाणवला तर बुश किंवा आटे गेले. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा; मध्येच जड लागणं किंवा करकरणं वाईट. ट्रनियनचा छोटा प्लग काढून आत बघा. लालसर गंज किंवा वाळलेलं ग्रीस निघालं तर दोन्ही बाजूंचे दांडे आणि ट्रनियन नवे घ्यायचे, एवढं धरूनच किंमत बोला. डाव्या बाजूचे आटे डावे, म्हणजे उलटे फिरणारे, आणि उजव्या बाजूचे नेहमीचे उजवे असतात, त्यामुळे अदलाबदल होत नाही. बसवताना दांडा पूर्ण आत फिरवून मग स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळेल इतपत, म्हणजे फार तर एक फेरा, मागे घ्यायचा.

इंजिनमध्ये एकच चाचणी सोडू नका. बोनेट उघडा, कोणाला तरी क्लच दाबायला आणि सोडायला सांगा आणि पंख्याच्या खालच्या, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीकडे बघा. पुली पुढेमागे सरकलेली डोळ्यांना दिसली तर क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर झिजले आहेत. खेळ साधारण 0.1 ते 0.15 मिमी असावा, 0.2 च्या पुढे गेला की काम करून घ्या. हे अर्धचंद्राकृती वॉशर स्वस्त आहेत, संप (इंजिनखालचं ऑईलचं भांडं) उतरवून गाडीतच बदलता येतात. पण दुर्लक्ष केलं तर ते संपमध्ये गळून पडतात आणि क्रँक थेट ब्लॉक खायला लागतो. त्यानंतर ब्लॉक शोधत फिरावं लागतं.

मागचं सस्पेन्शन स्विंग अ‍ॅक्सलचं आहे, म्हणजे अ‍ॅक्सलचे दोन अर्धे मधून वेगवेगळे वरखाली होतात, आडव्या पाट्यावर (लीफ स्प्रिंगवर). गाडी रिकामी असतानाही मागची चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली दिसली तर पाटा बसला आहे. आणि पद्मिनी चालवायची सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवा: घाटाच्या वळणात हेराल्डचा अ‍ॅक्सिलरेटर झटकन सोडायचा नाही किंवा ब्रेक मारायचा नाही. मागचं चाक आत दुमडतं आणि गाडीची शेपूट फिरते. वेग वळणाआधी कमी करा, वळणात हलका अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवा.

सुट्या भागांचं म्हणाल तर पद्मिनीचं सुख वेगळंच आहे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली, त्यामुळे जुना साठा हळूहळू आटेल, पण आज कुर्ल्यात किंवा नाना पेठेत चौकशी केली तर बरंच मिळतं आणि हात लावणारा मेकॅनिकही सापडतो. हेराल्डचे यांत्रिक भाग ब्रिटनमधून येतात, ट्रायम्फच्याच स्पिटफायर या स्पोर्ट्स गाडीशी बरेच सामाईक असल्याने अजून नवे बनतात. कुरिअर आणि कस्टम ड्यूटी धरून हिशेब करा. खरी अडचण भारतातच बनलेल्या ट्रिमची: ग्रिल, बॅजेस, दिव्यांच्या काचा. म्हणून हेराल्ड घ्यायची तर पूर्ण घ्या. इंजिन खराब चालेल, काचेचं एक रबर नसलं तरी चालेल, पण ‘ग्रिल घरी माळ्यावर आहे’ हे ऐकून पैसे देऊ नका; ते गाडीवर लावलेलं बघा.

कागदांत एक फसगत नेहमी होते. विकणारे सांगतात, ‘पन्नास वर्षांची झाली, व्हिंटेजमध्ये करून घ्या.’ 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण मग ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, इंधन भरणं अशाच कामांना बाहेर काढता येते. तुमचं कोकणातलं गाव यात बसत नाही. तुम्हाला साधी नोंदणीच हवी: सध्याच्या मालकांनी आधी फिटनेस करून आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण करून द्यावं. हाताने लिहिलेलं जुनं बुक असेल तर गाडी आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत आहे का ते बघा. नसेल तर आधी बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद त्यात चढवून घेणं. चासी नंबरचा पेन्सिलने ट्रेस काढून बुकातल्या नंबरशी अक्षर-न्-अक्षर जुळवा. एक अंक जरी पुसट असेल तर आरटीओत महिने जातात.

सौद्याची रचना अशी करा. दोन्ही गाड्यांची रोख किंमत वेगवेगळी कागदावर लिहा. अदलाबदलीत दोघंही आपापली गाडी फुगवतात आणि खरा फरक त्यात झाकला जातो. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 दोन्ही गाड्यांचे स्वतंत्र भरा, त्याच राज्यात हस्तांतरण 14 दिवसांत कळवा. आणि हेराल्ड तुमच्या नावावर होईपर्यंत पद्मिनीची किल्ली देऊ नका. नाव बदलेपर्यंत अपघात झाला तर दावा नोंदणीकृत मालकावर, म्हणजे तुमच्यावरच येतो.

सगळं जुळलं तरी हेराल्ड चालवत घरी आणू नका, फ्लॅटबेडवर आणा. तीन वर्षं उभ्या गाडीत ब्रेकचे रबरी होज आतून सुजलेले असतात, व्हील सिलिंडर चिकटलेले असतात, टायरवरच्या चार आकडी तारखेनुसार टायर दहा वर्षांचे निघू शकतात. पेट्रोलचे सगळे रबरी पाइप आणि पंपाचं डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे बसवा. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुनं रबर मऊ होऊन गळतं, आणि हेराल्डमध्ये हे सगळं गरम इंजिनाच्या शेजारीच आहे. हे झालं की ट्रनियनमध्ये ईपी 90 भरा, मग पहिली फेरी.