आजोबांची गोधडी आजोबांनाच दे

प्रिय पोरी,

तुझं पत्र आणि सोबतचे सहा फोटो मिळाले. फोटो मोठे करून, नीट उजेडात पाहिले. मधल्या ताऱ्याची आठही टोकं नेमकी जुळली आहेत. पहिल्या गोधडीच्या वेळी तुझ्या हाताला हे जमत नव्हतं. खालच्या उजव्या चौकोनात एक टोक शिवणीखाली गेलं आहे. ते तुलाही दिसलंय, म्हणून तीन चौकोन उसवायच्या बेतात आहेस. कातर जरा बाजूला ठेव आणि आधी हे वाचून घे.

आजारपणानंतर आजोबांना सारखी थंडी वाजते, म्हणून तू ही गोधडी सुरू केलीस. तुकडे जोडून झाल्यावर ती तुलाच इतकी आवडली की स्पर्धेला पाठवावी असं वाटू लागलं. स्पर्धेला सात आठवडे, मग प्रदर्शन, मग परत यायला आणखी महिनाभर. ‘आजोबांना नंतर देणारच आहे ना,’ असं तू लिहितेस. माझं उत्तर सरळ आहे. ही गोधडी त्यांना आत्ता दे आणि स्पर्धेसाठी दुसरी शिव.

दुसरी शिव, हे मी मनापासून म्हणते आहे. स्पर्धेबद्दल मनात अढी ठेवू नकोस. मी अकरा वर्षं स्पर्धांना गोधड्या पाठवल्या आणि तिथे जे शिकले ते घरात बसून शिकले नसते. घरच्या माणसाच्या हातात गोधडी ठेवली की तो म्हणतो, किती सुंदर! त्याला ती खरंच सुंदर वाटते. पण गोट, म्हणजे कडेभोवतीची पट्टी, चिमटीत धरून, आत कापूस कडेपर्यंत भरलाय की पोकळ राहिलाय, हे तो चाचपून बघत नाही. परीक्षक बघतात. शिवणारीचं नाव झाकलेलं असतं, हातात पांढरे मोजे असतात. आधी लांबून एकूण रूप बघायचं, मग जवळ यायचं. कडा सरळ पडतात की लाटा मारतात? कोपरे काटकोनात आहेत का? गोटाच्या कोपऱ्यातली तिरकी फट हाताने शिवून बंद केली आहे का? वरचा दोरा पाठीमागे ठिपक्यांसारखा डोकावतो का? आखणीची पुसट रेघ कुठे राहिली आहे का? मधोमध दाट टाके आणि कडेला विरळ, असं झालंय का?

माझ्या पहिल्या गोधडीसोबत परीक्षकांचा शेरा आला होता: गोट पोकळ, पाठीमागचा ताण असमान. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी घरातल्या आणि बहिणीकडच्या सगळ्या गोधड्या उलट्या पसरून बघितल्या. प्रत्येकीचा गोट पोकळ होता. नऊ वर्षं मी तसाच लावत आले होते आणि कुणी काही बोललं नव्हतं. पोकळ गोट सगळ्यांत आधी झिजतो. ज्यांच्यावर माझी माया होती, त्यांच्याच अंगावर माझी शिवण विरत चालली होती आणि ते मला एका अनोळखी माणसाने सांगितलं. त्या माणसाची मी आजही ऋणी आहे.

पण भिंतीवर टांगायची गोधडी आणि अंगावर घ्यायची गोधडी आतून वेगळ्या असतात. टांगायच्या गोधडीत नक्षीला उभार यावा म्हणून कापसाच्या थरावर लोकरीचा थर घालतात. पाव पाव इंचावर टाके भरतात, त्यामुळे नक्षी उठून दिसते आणि कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. रेशीम, जरीचे दोरे, काचेचे मणी, सगळं चालतं, कारण ती कधी कुणाच्या अंगाखाली चुरगळणार नसते आणि धुतली गेलीच तर फार जपून. अंगावरच्या गोधडीत टाक्यांच्या ओळींमध्ये तीन-चार इंच मोकळी जागा हवी, म्हणजे ती अंगाच्या वळणाने पडते. मधला थर सुती असेल तर पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतो आणि सगळीकडे बारीक सुरकुत्या येतात. परीक्षकाला त्या सुरकुत्या खटकतील. झोपणाऱ्याला मात्र त्या दिवसापासून गोधडी आपली वाटायला लागते.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला खुपलं. तू लिहितेस, ‘नाहीतर आजोबांसाठीच आहे, चालून जाईल.’ असं मनात आणू नकोस. आपल्या माणसाची गोधडी म्हणजे सोपी परीक्षा नव्हे. परीक्षकाच्या हातात ती पाच-दहा मिनिटं असेल. आजोबांकडे ती रोज रात्री असेल, महिन्यातून दोनदा मशीनमध्ये घुसळली जाईल, उन्हात वाळेल, उठताना कड धरून ओढली जाईल. पाव इंचाची शिवण कुठे कमी पडली असेल तर तिथे ती चौथ्या-पाचव्या धुण्यात उसवणार. गडद लाल आणि निळी कापडं आधी धुऊन, ओली असताना पांढऱ्या चिंधीवर दाबून, रंग जातो का ते पाहिलं नसशील तर पांढरा तारा गुलाबी होणार. स्पर्धेत यातलं काही उघडं पडत नाही.

म्हणून उसवायचं काय ते असं ठरव. शिवण पाव इंचापेक्षा अरुंद झाली असेल, दोन टीपांमध्ये भोक राहिलं असेल, कापडाची कड बाहेर पडत असेल, तर उसव, कितीही मागचं असलं तरी. ताऱ्याचं टोक शिवणीखाली गेलंय ते राहू दे. त्याने शिवण कुठेच कच्ची राहत नाही. उलट तेच कापड पुन्हा उसवलंस तर कडेचे धागे सुटतील आणि आज मजबूत असलेली जागा दुबळी होईल. स्पर्धेच्या गोधडीत हेच टोक उसव, दहा वेळा उसवावं लागलं तरी उसव.

आता मला जे सांगायला जड जातं ते सांगते. मी आईसाठी एक गोधडी केली होती, तिच्या आवडत्या निळ्या रंगाची. तीसुद्धा मी तुझ्यासारखीच मध्येच स्पर्धेकडे वळवली. टाके दाट केले, मधला थर बदलला, हाताच्या टाक्यांचा हिशेब इंचाला दहापर्यंत नेला. तिला पारितोषिक मिळालं. परत आल्यावर मी ती आईला दिली आणि आईने माझ्यादेखत बक्षिसाची फीत पुन्हा पुन्हा हातात घेऊन पाहिली. तीन वर्षांनी ती आजारी पडली म्हणून राहायला गेले, तर ती जुन्या विरलेल्या ब्लँकेटमध्ये गुरफटून कुडकुडत पडलेली. गोधडी कपाटात, पांढऱ्या चादरीत गुंडाळून ठेवलेली. म्हणाली, ‘अगं, बक्षिसाची आहे ती, खराब होईल.’ मी ती बाहेर काढून तिच्या अंगावर घातली. ताठ होती. तिच्या खांद्यापाशी उभी राहिली, गळ्याशी बसेना. आईने काही न बोलता ब्लँकेट पुन्हा वर ओढून घेतलं. त्या रात्री मला कळलं की मी आईसाठी गोधडी शिवलेलीच नव्हती.

तेव्हापासून कुणासाठी शिवायचं असलं की मी आधी त्या माणसाचं झोपणं बघते. आजोबा पाय दुमडून झोपतात की सरळ? पाय उघडे पडतात का? पडत असतील तर लांबी वाढव, रुंदी नको. आजारपणानंतर हातात जोर नसतो, म्हणून जड गोधडी नको. कूस बदलताना ती आपल्याआप त्यांच्याबरोबर वळली पाहिजे. मधला थर लोकरीचा पातळ घेतलास तर वजनाला हलका आणि ऊब भरपूर, पण मग धुणाऱ्याला गार पाण्याचं सांगून ठेवावं लागेल. घरात धुणं कुणाकडे आहे? ती व्यक्ती हे सांभाळणार नसेल तर सुतीच घे. पाठीला गुळगुळीत कापड लावू नकोस, रात्री घसरून जमिनीवर जातं. मऊ फ्लॅनेल अंगाला धरून राहतं. आणि गोट तिरक्या कापाचा, दुहेरी घडीचा लाव. सरळ कापाच्या गोटात एकच धागा कडेवर येतो आणि तो तुटला की सगळी कड फाटत जाते. तिरक्या कापात धागे कडेला आडवे जातात, झीज वाटली जाते.

आजोबांचे दोन जुने सुती शर्ट तुझ्याकडे आहेत, पण नक्षीत शोभणार नाहीत म्हणून वापरले नाहीस, असंही तू लिहिलं आहेस. ते पाठीच्या कापडात घाल. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या वस्तीत मिसूरी पेटवे नावाच्या बाईने १९४२ साली नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून निजता यावं, एवढाच तिचा हेतू होता. पँटच्या पायांचे विटलेले पट्टे, गुडघ्यापाशी झिजलेलं कापड, सगळं तसंच. त्या वस्तीतल्या बायकांच्या गोधड्या २००२ पासून मोठमोठ्या कलासंग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या. नेहमीच्या गुणपत्रिकेत त्यांच्यातल्या कितीतरी सरळ रेषेच्या रकान्यातच अडल्या असत्या. त्यांच्यासमोर माणसं थांबतात, कारण कापड कुणाच्या अंगावरून आलंय ते दिसतं. आजोबांना शर्टाचा खिसा बोटांनी ओळखता येईल. खिसा काढू नकोस, फक्त कडा पक्क्या शिव.

वेळ कमी आहे म्हणून टाके घालायचं काम लाँगआर्म मशीनवाल्यांकडे, म्हणजे गोधडीचे सगळे थर मोठ्या मशीनवर एकत्र शिवून देणाऱ्यांकडे, देऊ का, हे तू विचारलं आहेस. आजोबांच्या गोधडीसाठी खुशाल दे. त्यांना ऊब हवी आहे, कुणाच्या मशीनने ती शिवली हे नको आहे. फक्त नक्षी विरळ घालायला सांग. स्पर्धेचं काम बाहेर देणार असशील तर प्रवेशपत्रात त्या व्यक्तीचं नाव लिही. आता बहुतेक मोठ्या स्पर्धांत दोघांनी मिळून केलेल्या गोधड्यांचा वेगळा गट असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सिअर्स कंपनीने गोधड्यांची राष्ट्रीय स्पर्धा घेतली. चोवीस हजारांहून जास्त गोधड्या आल्या. मंदीचे दिवस होते आणि पहिलं बक्षीस हजार डॉलरचं होतं. ते जिच्या नावावर गेलं तिने त्या गोधडीत स्वतः टाका घातलेला नव्हता. काम करणाऱ्या बायका वेगळ्याच होत्या, त्यांना ठरलेली मजुरी मिळाली आणि बक्षिसातलं काही नाही. कित्येक दशकांनी हे लोकांसमोर आलं. त्या बायकांची बोटं मला आठवत राहतात. आपल्या हातातून जाणाऱ्या गोधडीवर तरी असं होऊ देऊ नकोस.

स्पर्धेसाठीची दुसरी गोधडी लहान घे, भिंतीवर लावायच्या मापाची. सात आठवड्यांत मोठी करायला गेलीस तर गोटाला शेवटची रात्र उरेल, आणि गोटातच गुण जातात. तिच्यात तुला जे करून बघायचंय ते सगळं कर. रेशीम वापर, दोन थर घाल, टाके दाट भर. ती कुणाला द्यायची नाही, त्यामुळे ती ताठ झाली तरी कुणाच्या गळ्याशी टोचणार नाही. फितीची आशा बाळग, पण त्याहून जास्त परीक्षकांच्या शेऱ्याची वाट बघ. आला की मला वाचून दाखव. मनाला लागला तरी दाखव.

आजोबांच्या गोधडीच्या मागच्या कोपऱ्यात कापडाची छोटी चिठ्ठी शिव. तुझं नाव, वर्ष, कुणासाठी, आणि मोठ्या अक्षरांत: रोज वापरा, मशीनमध्ये धुवा. मी आईच्या गोधडीवर फक्त स्पर्धेचं नाव आणि तारीख लिहिली होती. द्यायला जाशील तेव्हा घडी करून हातात ठेवू नकोस, तूच उलगडून त्यांच्या पायांवर घाल आणि थोडा वेळ तिथेच बस. पहिल्यांदा कुठली कड ते हनुवटीपाशी ओढतात ते बघ. वर्षभराने गोट त्याच बाजूला आधी झिजेल आणि बदलायला तुलाच बोलावतील, म्हणून त्याच कापडाची दोन मीटर पट्टी आत्ताच कापून, गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवून दे.

अनेक आशीर्वाद.

तुझी,
मावशी