बाकडं, पाऊस आणि पॉलिश

प्रश्न : आमचं जुनं घर उतरवलं, तेव्हा सागाच्या चार तुळया निघाल्या. त्यांतून अंगणात बारमाही राहील असं बाकडं करून घ्यायचं आहे. सुतार म्हणतो, झकास पॉलिश मारून देतो, काही होत नाही. मारून घ्यावं का? पावसात वर ताडपत्री गुंडाळली तर चालेल ना?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : पॉलिशचं नंतर बघू, आधी तुळया. छपराखाली वर्षानुवर्षं वाळलेला साग आज वखारीत पैसे टाकूनही सहज मिळत नाही. फक्त भिंतीत रुतलेली टोकं निर्दयपणे कापून टाका. ओल आणि वाळवी तिथेच बसलेली असते. कडेचं पांढरट लाकूडही काढायला लावा. साग टिकतो तो गाभ्यातल्या तेलामुळे, पांढऱ्या भागाला कीड लागायला वेळ लागत नाही. रंधा मारण्याआधी लोहचुंबक फिरवा, नाहीतर जुना खिळा पातं खाईल आणि सुतार तुम्हाला.

कोकणात लाकूड भिजणारच, ते लवकर सुकेल अशी बांधणी हवी. बैठकीला अखंड फळी नको. चार इंची पट्ट्या घ्या, मध्ये सात-आठ मिलिमीटर फट सोडा. पावसाळ्यात एकेक पट्टी दीड-दोन मिलिमीटर फुगते. सांधे कूस-खाचेचे (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते तसे) आणि लाकडी खुंटी मारलेले. वर तोंड असलेली खाच असेल तर तिच्या तळाला बारीक भोक पाडा, म्हणजे पाणी साठणार नाही. स्क्रू स्टेनलेसचे किंवा पितळेचे. लोखंडी स्क्रूभोवती साग काळा पडतो. पाय जांभ्यावर टेकवू नका, जांभा ओल धरतो. खाली कडप्प्याचे तुकडे सरकवा. आणि बाकडं पागोळ्यांखाली तर मुळीच नको.

आता पॉलिश. फ्रेंच पॉलिश लाखेचं, पाणी लागलं की पांढरं पडतं. मेलामाइन घरातल्या कपाटाला ठीक. बाहेर असा थर उन्हाने तडकतो आणि आत शिरलेलं पाणी त्याच्याखाली अडकून बसतं. त्यापेक्षा जवसाचं उकळलेलं तेल तेवढ्याच टर्पेंटाइनमध्ये मिसळून फडक्याने चोळा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसा. पट्ट्यांची टोकं आणि पायांचे तळवे दोन-तीनदा माखा, लाकूड पाणी पितं ते तिथूनच. (तेलाची फडकी बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.) दर एप्रिलमध्ये पुन्हा एक हात. या तेलावर पावसात बुरशीचे काळे ठिपके येतील. दसऱ्याच्या सुमारास साबणाच्या पाण्याने घासून काढा.

तेलाचा आळस केलात तर बाकडं राखाडी होईल, एवढंच. बदल वरच्या पापुद्र्यापुरता असतो. मला तो रंगच जास्त आवडतो. आमच्या घरात या मताला किंमत नाही.

ताडपत्री मात्र नको. आत वाफ कोंडते आणि आठवड्यात बुरशी धरते. दोघांना उचलता येत असेल तर जूनमध्ये पडवीत घ्या, नाहीतर खुशाल भिजू द्या.